म्हैस आडवी आली नव्हती

ग्रुपवर गेले काही दिवस बेळगावच्या जुन्या वाड्यांच्या, शाळांच्या आठवणी वाचतोय. मी गाडीची आठवण लिहितोय. थोडी लांबलीय, सांभाळून घ्या. आणि यातलं सगळं धाकट्या भावाला विचारूनच लिहितोय, हे आधीच सांगतो.

माझा पुतण्या उद्यमबागेत एका कारखान्यात सीएनसी मशीनवर आहे. वय एकोणतीस. गेल्या वर्षी जूनमध्ये त्यानं कोल्हापुरातून एक जुनी मोटरसायकल आणली. दारात उभी केली तेव्हा मला कळेचना हा काय प्रकार आहे. उंची शेतातल्या बांधावरून उड्या मारणाऱ्या गाडीसारखी, हँडल रुंद, सीट फळीसारखी अरुंद आणि कडक. पण चाकं मात्र लहान, त्यांवर गुळगुळीत रुंद टायर. मी म्हटलं, "अरे, घोड्याला गाढवाचे पाय का लावलेस?"

तो हसला. म्हणाला, "काका, हिला सुपरमोटो म्हणतात."

मग त्यानं समजावून सांगितलं. मुळात ही हिरोची एक्सपल्स, २०० सीसीची. कच्च्या रस्त्यासाठी बनवलेली, म्हणून पुढचं चाक २१ इंची, मागचं १८. कोल्हापूरच्या आधीच्या मालकानं दोन्ही काढून १७ इंची रिमा आणि डांबरी रस्त्याचे टायर बसवले होते. लांब सस्पेन्शन तसंच ठेवायचं, म्हणजे खड्डे गिळले जातात. चाक लहान, म्हणजे गाडी झटकन वळते. टायर रुंद, म्हणजे डांबर घट्ट धरते. या गाड्यांची कल्पना अमेरिकेतली. १९७९ साली तिथल्या एका टीव्ही कार्यक्रमासाठी कॅलिफोर्नियात कार्ल्सबादला शर्यत ठेवली. थोडं डांबर, थोडी माती, मध्ये उड्या. मातीवर पळवणारे, डांबरावर पळवणारे, सगळे एकत्र. बघू यात खरा शहाणा कोण. पुढं हा खेळ फ्रान्स-इटलीकडं गेला आणि तिकडं कारखान्यातूनच अशा गाड्या रस्त्यासाठी निघायला लागल्या. आपल्याकडं बहुतेक पोरं चाकं बदलून हौस भागवतात.

मी ऐकत होतो, पण १९७९ म्हटल्यावर माझं लक्ष उडालं. त्या सालाचं माझंही एक खातं उघडं होतं.

तेव्हा माझ्याकडं येझदी होती. बँकेकडून वाहनाचं कर्ज काढून घेतलेली. ज्यांनी चालवलीय त्यांना आठवत असेल, किकचीच दांडी आत दाबून फिरवली की तीच गिअरची दांडी व्हायची. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालायचं, मागं दोन सायलेन्सर, आणि गल्लीत शिरलो की आई चहाचं आधण ठेवायची, आवाजावरून. माझी शाखा खानापूर तालुक्यात होती. जांबोटी, कणकुंबीकडं वसुलीला जायचो. कणकुंबी म्हणजे मलप्रभेचं उगमस्थान. पावसाळ्यात तिकडं पाऊस पडत नाही, ओतला जातो.

धाकटा तेव्हा एकोणीस वर्षांचा. रोज पहाटे कॅम्पात पळायला जायचा. त्याला मराठा लाईट इन्फंट्रीत जायचं होतं. सेंटर आपल्या गावातच, परेडचा बँड ऐकत वाढलेला पोरगा. भरतीत धावणं, उंची, छाती सगळं पास झालं होतं. मेडिकल राहिलं होतं.

ऑगस्टमधला एक शनिवार. "अण्णा, मला पण ने की," म्हणून मागं बसला. कणकुंबीचं काम आटोपून परत येताना संध्याकाळ झाली, पाऊस सुरूच. मागं बसून तो ओरडत होता, "अजून पळव, अजून पळव." मी पळवली. मला त्याला दाखवायचं होतं, आपला अण्णा काय गाडी चालवतो ते. एका डावीकडच्या वळणात वेग जास्त झालाय हे उशिरा कळलं. गाडी झुकलेली असतानाच मी ब्रेक दाबला. ड्रमब्रेक, आत पाणी गेलेलं, आधी काहीच लागेना. घाबरून आणखी दाबला, तेव्हा मागचं चाक एकदम जाम झालं आणि गाडी आडवी झाली. मी घसरत बाजूला पडलो. त्याचा पाय गाडीखाली सापडला.

नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. ते जुळलं, पण पाय दीड इंचानं आखूड राहिला. मेडिकल झालंच नाही.

घरी मी सांगितलं, म्हैस आडवी आली.

सगळ्यांनी विश्वास ठेवला. म्हशी त्या रस्त्यावर असायच्याच. आई म्हशींना शिव्या देत राहिली, मरेपर्यंत. दोन महिन्यांनी मी येझदी विकली, स्कूटर घेतली. धाकट्यानं पुढं शहापुरात पिठाची गिरणी घातली, लग्न झालं, संसार चांगला केला. लंगडत चालतो, एवढंच. मी जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले. आपल्या खात्यातली ही एक खोटी नोंद मात्र पंचेचाळीस वर्षं तशीच पुढं ओढत आलो.

तर आता परत पुतण्याच्या गाडीकडं.

ऑक्टोबरमध्ये पाऊस थांबल्यावर तो म्हणाला, "काका, चला एक चक्कर." सौ. म्हणाली, "हाडं मोजून जा, परत आल्यावर मोजायला बरी." मी गेलो. चढायलाच दोन प्रयत्न लागले. हेल्मेट, जाकीट त्यानंच घातलं. कुसमळीचा पूल ओलांडून जांबोटीच्या रस्त्याला लागलो.

खरं सांगतो, पहिले दहा किलोमीटर मी डोळे मिटूनच होतो. सीट इतकी कडक की बँकेतला लाकडी स्टूल बरा. समोर काच नाही, वारा थेट छातीवर. पण हळूहळू लक्षात आलं, पोरगं घाईत नाहीये. वळण यायच्या आधी, गाडी सरळ असतानाच ब्रेक लावायचा. मग वळणात स्वतः ताठ बसून गाडीच खाली ढकलायचा, जसं एखादं हट्टी वासरू बाजूला सारावं तसं. आम्ही अंग झुकवायचो, हा गाडी झुकवत होता. खड्डा आला तर सस्पेन्शन दबायचं आणि गाडी आपली रेघ सोडत नव्हती.

जांबोटीला चहा पिताना मी विचारलं, "वळणात ब्रेक का लावत नाहीस?"

"काका, टायरची पकड म्हणजे तुमच्या खात्यातली शिल्लक. वळायला काढली की ब्रेकला कमी उरते. दोन्हीकडं चेक फाडले तर बाउन्सच."

एवढी सोपी गोष्ट मला १९७९ साली कुणी सांगितली असती तर! पण सांगितली असती तरी मी ऐकली असती का, ते देवाला ठाऊक.

कणकुंबीच्या अलीकडं त्यानं गाडी बाजूला घेतली. रस्ता आता रुंद झालाय, पण वळण मी ओळखलं. तो म्हणाला, "बाबांनी दाखवलं होतं एकदा. इथंच म्हैस आडवी आली होती ना?"

मी हेल्मेट काढलं. काय झालं कुणास ठाऊक, तोंडातून निघून गेलं. "म्हैस नव्हती रे. मी जोरात चालवत होतो."

तो काही बोलला नाही. थोड्या वेळानं म्हणाला, "निघूया?" येताना त्यानं आणखी हळू चालवली.

त्याच संध्याकाळी मी धाकट्याकडं गेलो. गिरणी बंद करून तो कट्ट्यावर बसला होता. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. त्यानं अंगावरचं पीठ झटकलं आणि माझ्याकडं बघितलं.

"म्हैस नव्हती ते मला ठाऊक नसणार होय अण्णा? मी मागं बसलो होतो की."

मला खाली बसावं लागलं. मी विचारलं, मग इतकी वर्षं बोलला का नाहीस? म्हणाला, "काय बोलायचं? आईनं तुला घरात घेतलं नसतं. आणि पळव पळव म्हणत कोण होता?" मग जरा थांबून म्हणाला, "भरतीचं दुःख झालं, खोटं कशाला सांगू? अजून सेंटरचा बँड वाजला की मी गिरणी सुरू करतो, ऐकू येऊ नये म्हणून. पण राग त्याचा नव्हता. तू गाडी विकलीस आणि परत कधी मला मागं बसवलं नाहीस, त्याचा होता. लंगडा झालो म्हणून मला कुणी गाडीला हातच लावू दिला नाही."

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजून नाही.

आता दुसरी गोष्ट, जी तुमच्यातल्या तरुण पोरांच्या आईबापांनी वाचावी. खोटी नोंद पुसल्यावर मला दुसऱ्याच्या नोंदी दिसायला लागल्या. मी पुतण्याला म्हटलं, कागद दाखव. गाडी एमएच-०९, आरसीवर अजून कोल्हापूरच्या माणसाचं नाव. चार महिने झाले, मालकी बदललेली नाही. कायद्यानं घेणाऱ्यानं तीस दिवसांत कळवायचं असतं. उद्या काही झालं तर जबाबदारी ज्याचं नाव त्याच्या गळ्यात. शिवाय दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथं ठेवायची तर नवीन नंबर घ्यावा लागतो, कर्नाटकाचा कर भरावा लागतो. आपण सीमाभागातले लोक एमएच, केए, जीए यांत इतके सराईत झालोय की हे विसरतोच.

मोठा प्रश्न चाकांचा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, कारखान्यानं दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठासून सांगितलं. विमा कंपनीला न कळवता असा बदल केला, तर दाव्याच्या वेळी भांडण ठरलेलं. आणि साधा हिशेब बघा, मीटर पुढच्या चाकावरून वेग मोजत असेल तर २१ च्या जागी १७ इंची चाक लावल्यावर खऱ्या पन्नासला तो साठच्या आसपास दाखवणार. किलोमीटरही तसेच फुगणार. ज्याचं मीटरच चुकीचं बोलतं ती गाडी मी कशी मान्य करू?

पुतण्या चिडला. "सगळेच चालवतात की काका. गाडी बघितलीत ना तुम्ही, वळणात किती सुरक्षित आहे!"

मी म्हटलं, "बघितली, आणि तू चालवतोस उत्तम. पण आपल्या घरात एकदा म्हैस आडवी आली, तेवढी पुरे."

यावर तो गप्प झाला.

कोल्हापूरच्या मालकानं मूळ चाकं माळ्यावर ठेवली होती, हे नशीब. ती आणली. एनओसी, फॉर्म, कर, तपासणी यांसाठी मी स्वतः आरटीओत पाच फेऱ्या मारल्या. निवृत्तीनंतर इतका आनंद कुठल्या रांगेत मिळाला नव्हता. कराचे पैसे मी दिले. पुतण्या नको म्हणत होता. मी म्हटलं, हे तुझ्यासाठी नाहीत.

आता रस्त्यावर गाडी २१ आणि १८ च्या चाकांवर असते, केए-२२ नंबर. पुतण्या म्हणतो, मजा निम्मी झाली. ते खरंच असेल. मागं बसून मलाही फरक कळतो, वळणात गाडी आता जरा आळसावते. १७ इंची जोड त्यानं कापडात गुंडाळून ठेवलीय. दोन-तीन महिन्यांतून एकदा गाडी आणि चाकं छोट्या हत्तीत घालून कोल्हापूरकडच्या गो-कार्टच्या ट्रॅकवर घेऊन जातो. तिथं पोलीस नाही, ट्रक नाही, म्हैस नाही. मी एकदा बघायला गेलो होतो. वळणात पाय पुढं काढून काय फिरवतो पोरगा!

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही तिघं कणकुंबीला निघालो. धाकट्याला गाडीवर चढता येईना, गुडघा पुरता वाकत नाही. शेवटी गिरणीच्या कट्ट्याला गाडी लावली आणि तो कट्ट्यावरूनच मागं बसला. सहासष्टाव्या वर्षी, हेल्मेट घालून, पोराच्या खांद्यावर हात ठेवून. मी मागून वॅगनआर घेऊन निघालो, डब्यात कुंदा आणि थर्मासमध्ये चहा.

त्या वळणाच्या अलीकडं पुतण्यानं हात वर करून थांबायची खूण केली. माझ्या पोटात गोळा आला. उतरून पुढं गेलो तर रस्ताभर म्हशी. पंधरा-वीस तरी असतील, आरामात रवंथ करत पलीकडं चाललेल्या.

धाकटा मागं वळून ओरडला, "अण्णा, आल्या बघ! उशीर झाला जरा."

म्हशी जाईपर्यंत आम्ही तिथंच कुंदा खाल्ला.

तुमच्यापैकी कुणी येझदी, राजदूत, बुलेटवर जांबोटी-चोर्ला रस्ता केला असेल तर खाली जरूर लिहा. आणि घरात पोरांची गाडी असेल तर आज रात्री आरसीवर नाव कुणाचं आहे तेवढं बघा.