डिंगलची संध्याकाळ

आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, केरी परगण्यात, डिंगल हे समुद्रकाठचे लहानसे गाव आहे. वस्ती जेमतेम दोन हजारांची. आसपासच्या खेड्यांत आयरिश भाषा आजही बोलली जाते. व्यापारी माणसाचे लक्ष मात्र आधी तेथील पेठेकडे जाते. मुख्य रस्त्यावरील 'फॉक्सी जॉन्स' या दुकानात एका बाजूस खिळे, हातोडे आणि रंगाचे डबे आहेत, तर समोरच्या बाजूस मद्याचा कट्टा. चर्चसमोरच्या 'डिक मॅक्स'मध्ये एकीकडे चामड्याचे पट्टे व दुसरीकडे मद्य. एकोणिसाव्या शतकापासून आयर्लंडच्या गावांत किराणा, लोखंडी सामान आणि मद्य एकाच छताखाली विकण्याची रीत होती. तिच्या खुणा अजून टिकून आहेत.

सांगलीच्या हळद बाजारात पिढीजात आडत असलेल्या एका घरातील आजी जूनमध्ये या पेठेतून फिरत होत्या. कॉर्क शहरात नोकरी करणारा नातू आणि नातसून सोबत होती. 'डिक मॅक्स'चे वर्णन ऐकून त्या म्हणाल्या, "या दुकानाच्या दोन्ही बाजू आपल्या कामाच्या नाहीत." सारे हसले. पण साडेसहाला पाऊस सुरू झाला आणि भुकेचा प्रश्न उभा राहिला. दोन उपाहारगृहे भरलेली होती. स्वयंपाकघर चालू होते ते एका पबचे.

नातवाने सुचवले, "आजी, तू खोलीवर थांब. मी फळे आणून देतो."

आजींनी शांतपणे विचारले, "तुला लाज वाटते ती माझ्या नेमाची, की माझी?"

त्याला उत्तर देता आले नाही. प्रश्न केवळ संकोचाचा नव्हता. श्रावकाच्या मूलगुणांत मद्यत्याग पहिला. पंधरा कर्मादानांतील रसवाणिज्यात मद्याचा व्यापारही निषिद्ध. आजोबांनी आयुष्यभर मद्यविक्रेत्याशी देवघेव केली नव्हती. अशा घरातील स्त्रीने या जागी बसावे काय? आजींनी थोडा विचार केला. "मुलांना उपाशी ठेवून माझा नेम मोठा होणार नाही. मी येते. मात्र जे विचारायचे ते उघडपणे विचार," असे सांगून त्यांनी उंबरठा ओलांडला.

आत शेकोटी होती, पण धूर नव्हता. 29 मार्च 2004 पासून आयर्लंडमध्ये कामाच्या सर्व बंद जागांत धूम्रपानास बंदी आहे. असा कायदा करणारा तो जगातील पहिला देश. कोपऱ्यात लाकडी आडोशाची छोटी खोली होती. तिला 'स्नग' म्हणतात. पूर्वी चारचौघांत बसणे प्रशस्त न वाटणाऱ्या स्त्रिया तेथे बसत. आजी तेथेच बसल्या.

नातू कट्ट्याशी गेला. सहा वर्षे तो 'शाकाहारी' एवढाच शब्द वापरून वेळ निभावीत आला होता. आता प्रत्येक पदार्थ विचारणे भाग होते. पदार्थांच्या यादीत आकडे छापलेले होते. युरोपीय नियमानुसार 14 अ‍ॅलर्जीकारक घटक ग्राहकाला कळवावे लागतात. त्यांतून अंडे व मासे समजतात. मांसाचा अर्क, कांदा, लसूण किंवा बटाटा यांचा उल्लेख त्यांत नसतो. ते तोंडानेच विचारावे लागते. भाजीचे सूप कोंबडीच्या हाडांच्या पाण्यात शिजवलेले निघाले. सहा वर्षे तेच सूप निर्धास्तपणे घेत आलेल्या नातवाचा चेहरा उतरला.

मालकीण स्वतः आली. सोडा ब्रेडमध्ये यीस्ट नसते. पीठ, सोडा आणि ताक यांवर तो फुगतो. तिचा ब्रेड त्याच दिवशी भाजलेला व अंड्याविना होता. चीजचे वेष्टन तिने आणून दाखवले. त्यातील रेनेट प्राणिज नव्हते. वाटाणे आणि फरसबी वेगळ्या भांड्यात लोण्यावर परतून देण्याचे तिने कबूल केले. "आणि बटाटे?" तिने विचारले. नको म्हटल्यावर ती थबकली. 1845 पासून वारंवार बटाट्याचे पीक कुजले, तेव्हा या देशात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच परदेशी गेली. त्या भूमीत बटाटा नाकारणे ही साधी गोष्ट नव्हे. आजींनी नातवाकरवी सांगितले, "कंदात अनंत जीव असतात. तुमच्या अन्नाचा हा अनादर नव्हे." मालकिणीने मान डोलावली.

शेजारच्या टेबलावरील वृद्धाच्या कोटावर लहानशी पिन होती आणि समोर लिंबूपाण्याचा पेला. ती पायोनियर संघाची खूण. 1838 मध्ये कॉर्कच्या फादर मॅथ्यूंनी दारूबंदीच्या शपथेची मोठी चळवळ उभारली. पुढे 1898 मध्ये डब्लिनला हा संघ निघाला. त्याचे सदस्य आजन्म मद्य न पिण्याचे व्रत घेतात. नातवाने हे सांगताच आजींनी त्या गृहस्थांना हात जोडले. त्यांनीही पेला किंचित उंचावला.

आठ वाजता जेवण संपले, तेव्हा बाहेर लख्ख उजेड होता. जूनमध्ये तेथे दहाच्या सुमारास सूर्य मावळतो. "रात्रिभोजनत्याग येथे सोपाच की," आजी म्हणाल्या. डिसेंबरमध्ये तो साडेचारच्या आसपास मावळतो, हे नातवाने सांगितले. "मग दुपारीच जेवून घेत जा," एवढेच त्या बोलल्या.

हिशेब करताना मालकीण अडखळली. असे ताट तिच्या यादीत नव्हते. या जेवणाला काय म्हणतात, असे तिने विचारले. नातू म्हणाला, "जैन." त्या देशात हा शब्द त्याने प्रथमच उच्चारला होता. मालकिणीने एकेक अक्षर विचारून तो आपल्या वहीत उतरवून घेतला.