सूप, सॉसेज आणि माझी डॉक्टरेट

मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमाची मीटिंग एका शनिवारी आमच्याकडे होती. बाहेर गुडघाभर बर्फ. सौ.ची हॉस्पिटलात ड्यूटी, म्हणजे जेवण माझ्याकडे. मी ठरवलं, स्लो कुकरमध्ये सॉसेजचं सूप करायचं. सकाळी सगळं भांड्यात घालायचं, 'लो'वर लावायचं आणि संध्याकाळी झाकण काढायचं. लॅबमध्ये रिअ‍ॅक्शन लावून घरी जाण्यासारखंच!

दोन कुकर लावले. एकात चिकन सॉसेज, दुसरा शाकाहारी मंडळींसाठी. दोन्हींत बटाटे, गाजर, कांदा, लसूण आणि रात्रभर भिजवलेला राजमा.

सूपचं कौतुक झालं. मंडळी घरी पोचतात न पोचतात तोच फोन सुरू झाले. उलट्या, मग जुलाब. नऊपैकी सात जण आडवे. वाढण्याच्या नादात मी जेमतेम दोन घास खाल्ले होते, म्हणून वाचलो. एका मित्राचे वडील पुण्याहून आलेले, सत्तरी ओलांडलेले. मित्र स्वतःच आडवा, म्हणून काकांना इमर्जन्सीत मी नेलं. सलाईन लावावं लागलं. बर्फातून गाडी चालवताना माझे हात कापत होते आणि मागच्या सीटवरून काकाच म्हणत होते, "सावकाश चालव रे, मी ठीक आहे."

दुसऱ्या दिवशी सगळ्यांचं एकच निदान : सॉसेज! "तरी मी म्हणत होते..." वगैरे. पण काका पक्के शाकाहारी. त्यांनी दुसऱ्या कुकरमधलं सूप घेतलं होतं. मग दोन्ही भांड्यांत समान काय होतं?

राजमा. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन असतं. चार-पाच कच्चे दाणेही माणसाला आजारी पाडू शकतात. खळखळून उकळलं की ते नष्ट होतं, पण 'लो'वरचा स्लो कुकर उकळी येऊच देत नाही. उलट ८० अंश सेल्सियसपर्यंतच तापवलेला राजमा कच्च्यापेक्षा पाचपट विषारी होऊ शकतो. म्हणजे मी दिवसभर, मंद आचेवर, प्रेमाने विष शिजवत होतो. रसायनशास्त्रात डॉक्टरेट!

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, शिट्ट्या केल्याशिवाय राजमा खातं का कुणी?" तिला प्रथिनाचं नाव ठाऊक नाही. प्रेशर कुकर आपलं काम चोख करत होता, म्हणून ते कळायची आपल्याला कधी गरजच पडली नाही.

काका दोन दिवसांत हिंडूफिरू लागले. सूप मी सोडलेलं नाही. आता असं करतो :

वाटीभर राजमा रात्रभर भिजवून ते पाणी फेकून द्यावं. ताज्या पाण्यात ३० मिनिटं खळखळून उकळावा, किंवा सरळ प्रेशर कुकरमध्ये शिजवावा. डब्यातला राजमा शिजलेलाच असतो, तो चालतो. एक पौंड सॉसेजचे तुकडे तव्यावर लालसर परतावेत. स्लो कुकरमध्ये तो खमंगपणा येत नाही, कारण त्याला उकळत्या पाण्यापेक्षा बरीच जास्त उष्णता लागते. बटाटे-गाजर तळाशी घालावेत, ते सावकाश शिजतात. वर कांदा, लसूण, सॉसेज, राजमा, टोमॅटोचा एक डबा, सहा कप पाणी, मिरपूड आणि चमचाभर धने-जिरे पूड. 'लो'वर सात-आठ तास. मधेमधे झाकण उघडून डोकावू नये, उष्णता निघून जाते. शेवटच्या पंधरा मिनिटांत मूठभर पालक आणि चवीपुरतं मीठ. शाकाहारी कुकरमध्ये सॉसेजऐवजी मशरूम परतून घालतो.

पुढच्या मीटिंगला मी पुन्हा दोन कुकर मांडले. कुणी वाटी उचलेना. शेवटी एक वहिनी म्हणाल्या, "राजमा उकळलाय?" "तीस मिनिटं, घड्याळ लावून," मी म्हटलं. मग त्यांनी वाटी पुढे केली.

मंडळाच्या पॉटलकला कुणी स्लो कुकरमधला राजमा आणलात, तर हाच प्रश्न मी विचारणार. राग मानू नये.