धुळीची मजुरी

महाराष्ट्रातल्या घुग्घुसमध्ये सकाळी पुसलेली फरशी दुपारपर्यंत पुन्हा काळपट होते. खाणी, सिमेंट, स्पंज आयर्न आणि कोळशाचे ट्रक यांच्या गावात खाणीतून आलेले कपडे एका पाण्यात निघत नाहीत. तरी कामवाल्या बाईचा भाव ठरतो कामावर: भांड्यांचे इतके, कपड्यांचे इतके, झाडूपोछ्याचे इतके. धूळ वाढली, पाहुणे आले की लांबलेला वेळ ही तिची पदरमोड. मजुरी कमी आहे हे सगळेच म्हणतात. माझ्या मते मूळ दुखणं ती तासावर मोजली जात नाही, हे आहे. कोळसा कामगारांना 2023 च्या अकराव्या वेतन करारानं 19 टक्के वाढ दिली, तीही 1 जुलै 2021 पासूनची थकबाकी धरून. त्यांचे कपडे धुणारीला मात्र वाढ मागायला दिवाळीचा मुहूर्त शोधावा लागतो.

मी जिथे आहे त्या जर्मनीतल्या फ्रँकफुर्टमध्ये घरकामालाही देशाचं किमान वेतन लागू आहे: 2015 मध्ये तासाला 8.50 युरो, 2025 मध्ये 12.82. भरपगारी रजा आणि आजारपणातला पगारही कायद्यात आहे. जर्मनी काही सोवळं नाही. इथली बहुतांश घरकामं नोंदणीविनाच चालतात. पण गुपचूप रोख देणारं घरही बहुधा हाच आकडा समोर ठेवून बोलतं. त्यामुळे तासाचा दर ठरवण्यावरचा ‘घराच्या आत कायदा पोचत नाही’ हा आक्षेप अर्धाच खरा. निरीक्षक पोचला नाही तरी आकडा पोचतो, आणि मागणाऱ्या बाईला तेवढा आधार पुरतो.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. घुग्घुसमधली सगळीच घरं कायम नोकरीवाल्यांची नाहीत. ठेकेदाराकडे राबणाऱ्याला तासाचा दर परवडेल का? काहींना नाही परवडणार, ते स्वतः झाडू हाती घेतील, आणि काही बायकांची घरं सुटतील. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण आज पाच घरं करूनही भागत नाही, तिथे तीन घरांत नीट मजुरी मिळणं हा तोटाच ठरेल असं नाही. शिवाय धुळीचा खर्च मालकिणीच्या खिशातून जाऊ लागला, तर धूळ उडवणाऱ्यांविरुद्ध तक्रार करणारं एक घर वाढेल. हा दर ठरवायला कायदाच हवा. महाराष्ट्राचा 2008 चा घरेलू कामगार कायदा कल्याण मंडळ देतो, मजुरी ठरवत नाही. कर्नाटकानं मात्र 2004 मध्येच घरकामासाठी किमान वेतन ठरवलं होतं.