देवाची करणी

विम्याच्या कागदपत्रांत, कंत्राटांत आणि न्यायालयांच्या निकालांत ‘ॲक्ट ऑफ गॉड’ हा इंग्रजी शब्दप्रयोग नेहमी आढळतो. भूकंप, वादळ, महापूर अशा आपत्तींना उद्देशून तो योजला जातो. एरवी तो डोळ्यांखालून सहज निघून जातो. परंतु लातूरच्या भूमीत हे तीन शब्द सहज वाचता येत नाहीत.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला. गणेशविसर्जन आटोपून निजलेली हजारो माणसे पुन्हा उठली नाहीत. त्या पहाटे माहेरची माणसे गमावलेल्या एका आजींनी नातवाच्या विमापत्रातील या शब्दांचा अर्थ त्याच्याकडून समजून घेतला आणि मिस्सेनंतर आम्हांस विचारले, ‘‘फादर, हे देवानंच केलं म्हणून कागदावर छापलंय. मग आपण प्रार्थना करायची कुणाची?’’

या प्रश्नासाठी शब्दाच्या मुळाशी जाणे भाग आहे. प्रथम उच्चार पाहू. यातील मधल्या शब्दाचा इंग्रजी उच्चार ‘ऑव्ह’ असा आहे व त्याचा अर्थ ‘चा’, ‘ची’, ‘चे’. ‘ऑफ’ हा निराळा शब्द. त्याचा अर्थ ‘दूर’. मराठीत आपण दोन्ही सारखेच उच्चारतो. त्यामुळे देवाचे कृत्य म्हणताना देवापासून दूर गेल्याचा भास व्हावा, हा योगायोग मात्र मनाला लागतो.

आता उगम. सेमिनरीत लॅटिन शिकताना ‘आक्तुस देई’ हे शब्द आमच्या परिचयाचे झाले. इंग्लंडच्या कायद्यात १५८१ च्या शेली खटल्यात हा शब्दप्रयोग आढळतो. तेथे निकालापूर्वीच एका पक्षकाराला मृत्यू आला होता. जे कोणत्याही मानवी प्रयत्नाने टळले नसते, त्यापायी कोणाचे नुकसान होऊ नये, असा तेथील विचार होता. म्हणजे या शब्दांनी देवावर आरोप ठेवलेला नाही; माणसाला दोषमुक्त केले आहे.

ही मुक्ती बिनशर्तही नाही. आपल्या १९८९ च्या रेल्वे कायद्यात मालाच्या नुकसानीची जबाबदारी टाळण्याच्या कारणांत हे कारण पहिले आहे. पण आपण वाजवी दूरदृष्टी व काळजी बाळगली होती, हे रेल्वेला सिद्ध करावे लागते. स्कॉटलंडमधील ग्रीनॉक येथे नगरपालिकेने मुलांच्या तलावासाठी ओढ्याचा मार्ग बदलला. अतिवृष्टीत पाणी उसळून नुकसान झाले, तेव्हा १९१७ साली तेथे ही सबब मान्य झाली नाही.

किल्लारीखालचा खडक सरकणे कोणाच्याही हाती नव्हते. पण माणसे दगावली ती मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदाचे ओझे कोसळून. पिढ्यान्‌पिढ्या उन्हापासून सांभाळणारी ती घरे बांधणाऱ्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. त्या वेळच्या नकाशात हा भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखविलेला होता. पुढे २००२ साली तो वरच्या श्रेणीत गेला. आता मात्र आपल्याला ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही.

आपल्या पूर्वजांनी ‘अस्मानी’ आणि ‘सुलतानी’ असे दोन शब्द जपले, ते याच विवेकासाठी. आणि ‘ॲक्ट ऑफ गॉड’चे शब्दशः मराठी काय? ‘देवाची करणी’. हे शब्द आपण कधी उच्चारतो? नारळात पाणी पाहून! आपली भाषा देवाच्या नावे विध्वंस नव्हे, नवल लिहिते. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण मेले, तेव्हा ते अधिक पापी होते काय, असे विचारून प्रभू येशूनेच त्या कल्पनेचा निषेध केला. आजींनाही आम्ही हेच सांगितले, की तो कागद वकिलांचा आहे, त्यात देवाची साक्ष घेतलेली नाही; प्रार्थना त्याचीच करावी, जो त्या बुरुजाखालच्यांना पापी म्हणत नाही.

यापुढे कोठे भिंत कोसळली, तर हे तीन शब्द लिहिण्यापूर्वी आपण आधी पायात सिमेंट किती होते, ते पाहावे. आपल्या वाट्याचे काम पुरते झाल्याशिवाय देवाचे नाव कागदावर घेण्याचा अधिकार कायदाही आपल्याला देत नाही.