टेकडीपलीकडची हिरवळ

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर प्रेस्टविक नांवाचें लहानसें गांव आहे. आगगाडींतून उतरावें आणि थेट गोल्फच्या मैदानावर पाऊल ठेवावें, इतकें तें मैदान स्थानकास लागून आहे. येथील क्लब १८५१ सालीं निघाला. टॉम मॉरिस यांनीं प्रथम १२ होल आंखले आणि १८६० सालीं पहिली ओपन स्पर्धा ८ खेळाडूंमध्यें येथेंच झाली. आतां होल १८ आहेत. पांचव्याचें नांव 'हिमालय'; ती टेकडी पाहून आम्हांस हंसूं आलें. परंतु सतराव्यापुढें, म्हणजे 'आल्प्स'पुढें, हंसूं आवरलें.

हा मूळच्या होलांपैकीं एक. पहिला टोला अरुंद वाटेनें सरळ न्यावा लागतो. दुसऱ्यास उभें राहावें तों समोर गवतानें झांकलेली वाळूची टेकडी. चेंडू जिच्यावर पोंचवावयाचा ती हिरवळ तिच्या पलीकडे; दिसत मुळींच नाहीं. त्यांतून हिरवळीच्या अगदीं तोंडाशीं 'सहारा' नांवाचा वाळूचा भला मोठा खड्डा आहे. टेकडी कशीबशी ओलांडणारा चेंडू नेमका त्यांत पडतो. म्हणजे अर्धवट धाडस येथें भित्रेपणाहूनही महाग पडतें. एक तर पुरा जोर लावावा, नाहीं तर अलीकडेच थांबून एक टोला मुकाट्यानें खर्ची घालावा.

अशा आंधळ्या टोल्यास पुष्कळ जाणते लोक अन्याय म्हणतात. नवख्यापुरतें तें खरेंही आहे. पण टेकड्या हलविण्याचीं यंत्रें त्या काळीं नव्हतीं. वाट त्यांच्यावरूनच काढावी लागली. शिवाय नित्य खेळणारास पलीकडचें सारें पाठ असतें. त्याची परीक्षा डोळ्यांची नव्हे. जें ठाऊक आहे त्यावर विसंबून हात न आंखडण्याची आहे. आंधळेपणा हा निव्वळ दोष असता, तर अमेरिकेंत लाँग आयलंडवर नॅशनल गोल्फ लिंक्स रचतांना चार्ल्स मॅक्डोनाल्ड यांनीं या होलाचा नमुना मुद्दाम घेतला नसता.

हिरवळीजवळ एक घंटा आहे. खेळून झालेल्यांनीं ती वाजवावी, मग मागच्यांनीं चेंडू मारावा. शब्दवेधी बाणानें दशरथाच्या हातून काय घडलें, हें आपल्या घरांतील मुलेंही जाणतात. येथें शब्द ऐकूं आला म्हणजे पलीकडे कोणी नाहीं असें समजावयाचें. आम्ही उभे होतों तेव्हां घंटा वाजूनही एक वृद्ध गृहस्थ क्षणभर तसेच थांबले. मग हातांतली काठी ठेवून त्यांनीं अधिक लांबच्या टोल्याची घेतली. त्यांचा चेंडू हिरवळीच्या मागच्या कडेस सांपडला.