पियानोवरचं ‘आराम से’

सावधानमधली पाठ कशी असते हे आपल्या शाळेत सहावीतल्या कॅडेटलाही सांगावं लागत नाही. टाचा जुळलेल्या, पंजे 30 अंशांवर, छाती उचललेली, नजर समोर. उस्ताद मागून चालत गेले की पाठ आपोआप आणखी एक इंच वाढते. म्हणूनच कोणी पियानोवर बसला की बघणाऱ्याची पहिली सूचना ठरलेली असते, ‘सरळ बस!’ बसणारा मग सावधानमध्ये बसतो आणि बीथोवन दहा मिनिटांत कमरेत उतरतो.

पियानोला 88 पट्ट्या असतात, या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळजवळ सव्वा मीटर. खांदे आणि कंबर जागच्या जागी गोठवून दोन्ही हात उजव्या टोकाला नेऊन पाहा. सगळा पीळ कमरेवर येतो. माझ्या मते पियानोची पाठ तिसऱ्या हुकमाची आहे. ‘आराम से’ मिळालं की पाय जागचे हलत नाहीत, पण कमरेच्या वरचं शरीर हलवायला मोकळीक असते. ड्रिलमध्ये हा हुकूम फारसा कोणी लक्ष देऊन ऐकत नाही, कारण तेव्हा सगळे नाक खाजवण्यात गुंतलेले असतात.

मला या विषयात माझ्या उंचीने ओढलं. गेल्या वर्षभरात मी 158 सेंटिमीटरवरून 169 वर गेलो. युनिफॉर्म दोनदा बदलून मिळाला. संगीत कक्षातलं फिरकीचं स्टूल मात्र 54 सेंटिमीटरवर अडकलेलं आहे. त्याचा स्क्रू आमच्या आधीच्या कुठल्या तरी बॅचपासून फिरत नाही. दिवाळीनंतर खांद्यांच्या पात्यांमध्ये दुखायला लागलं, फेब्रुवारीत कमरेत. बाबांची बदली चंडीमंदिरला आहे आणि घर चंडीगडला. सुट्टीत घरी गेलो तेव्हा बुटाची नाडी बांधताना आईने मला पाहिलं. रात्री जेवताना बाबांनी निकाल दिला, ‘दीड वर्षाने एनडीएचा फॉर्म भरायचाय. मेडिकलला पाठ बघतात, पियानो नाही बघत. बंद कर.’

बाबांशी वाद घालायचा तर पुरावा लागतो. मी महिन्याची मुदत मागितली. पंधरा दिवस मिळाले.

दुसऱ्याच दिवशी आई मला एका फिजिओथेरपिस्टबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी वाकवून, वळवून, पाय उचलायला लावून पाहिलं. मणक्यात काही नव्हतं, स्नायू थकले होते. दुखणं पायात उतरलं, मुंग्या आल्या किंवा रात्री त्याने जाग आली, तर मनाने कुठलेही व्यायाम न करता डॉक्टरांकडे जायचं, हे त्यांनी दोनदा बजावलं. मग मला टेबलापुढे बसवून ‘वाजव’ म्हणाल्या आणि टेप काढली.

त्यांचा हिशोब असा. बसल्यावर दंड सैल सोडायचे, कोपर काटकोनात. कोपर पट्ट्यांच्या पातळीला यायला हवं, किंवा अगदी किंचित वर. पियानोच्या पांढऱ्या पट्ट्या जमिनीपासून साधारण 73 सेंटिमीटरवर असतात. माझं कोपर बैठकीपासून 24 वर येतं. म्हणजे मला बैठक हवी 49 ची. शाळेतल्या स्टुलावर माझं कोपर 78 वर जातं, म्हणून मी वरून वाकतो. घरी उलटं. कीबोर्ड जेवणाच्या टेबलावर, पट्ट्या 84 वर, खुर्ची 45 ची, कोपर 69. तिथे खांदे कानांपर्यंत चढतात. एकीकडे कंबर, दुसरीकडे मान, आणि दोन्हीकडे सल्ला एकच: सरळ बस!

चंडीगडमध्ये मापांचा विषय निघाला की ल कॉर्बुझिए येणारच. सेक्टर 19 मध्ये, जुन्या आर्किटेक्ट ऑफिसच्या इमारतीत, त्यांच्या नावाचं केंद्र आहे; त्या सुट्टीत मी तिथे गेलो. माणसाच्या शरीरावरून त्यांनी मापांची एक शिडी बनवली होती, मॉड्युलर. आधी 1.75 मीटर उंचीचा माणूस धरला, नंतर 1.83, म्हणजे सहा फुटांचा. कारण इंग्रजी गुप्तहेरकथांमधले रुबाबदार पोलीस नेहमी सहा फुटीच असतात, असं एका सहकाऱ्याने सुचवलं. त्या शिडीत बसायची उंची येते 43 सेंटिमीटर. पोलिसाला ठीक आहे. माझी आई पाच फूट एक इंच आहे, तिच्या टाचा अधांतरी राहतात. गंमत म्हणजे कॉर्बुझिएंची आई पियानो शिकवायची आणि भाऊ संगीतकार होता. पियानो जागचा हलत नाही म्हणून त्याचं स्टूल वरखाली होतं, हे त्यांनी घरीच पाहिलं असणार. तरी सगळ्यांसाठी एकच पोलीस!

फौजी घरात बाकी काही नसलं तरी काळ्या ट्रंका भरपूर असतात. आमच्या ट्रंकांवर बाबांच्या जुन्या बदल्या पांढऱ्या रंगात एकावर एक खोडलेल्या आहेत. दोन-दोन ट्रंकांचे दोन ढीग केले, मध्ये गुडघ्यांना जागा ठेवली आणि वर कीबोर्ड आडवा टाकला. ट्रंक 32 ची, दोनच्या 64, कीबोर्डचे 9, झाले 73. खुर्चीवर चार सेंटिमीटरची घोंगडीची घडी. ढीग बाबांनी स्वतः ओळीत लावून दिले, निकाल कायम ठेवून.

मग बसण्याची सवय. बैठकीच्या पुढच्या अर्ध्या भागावरच बसायचं, म्हणजे टेकायचा मोह होत नाही. दोन्ही पाय जमिनीवर. पेडल दाबतानाही उजवी टाच खालीच. लांबच्या पट्ट्यांकडे जाताना कमरेत न वाकता खुब्यातून पूर्ण धड झुकवायचं. हे मला सगळ्यात अवघड गेलं. आणि दर 20 मिनिटांनी उठायचं, तुकडा अर्धा राहिला तरी.

आजीला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘आम्ही मांडी घालून तासन्‌तास पेटी वाजवली, कुठे होती टेप?’ पण पेटी आपल्याकडे ओढून घेता येते. शिवाय भाता मारताना आजी डावीकडे चांगलीच कलते, हे मी तिला सांगितलं नाही. कॅनडाच्या ग्लेन गूल्डचं उदाहरणही कोणी देऊ नये. तो जेमतेम 14 इंचांवर बसायचा, वडिलांनी पाय कापून दिलेल्या घडीच्या खुर्चीवर. वाजवायचा अफाट, पण पाठीच्या तक्रारी त्याला होत्याच.

पंधराव्या दिवशी नाडी विनातक्रार बांधता आली. पात्यांमधलं दुखणं गेलं होतं, कमरेतलं थोडं होतं, आणि तसंच मी बाबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, ‘आणि शाळेत?’ शाळेसाठी मी वर्गातली 45 ची खुर्ची आणि हाउसमधलं घडी घातलेलं ब्लँकेट असा प्रस्ताव मांडला. मुदत दिवाळीपर्यंत वाढली आहे.

हाउसमास्तर सरांनी ब्लँकेटला परवानगी दिली आहे. टेप संगीत कक्षात पियानोमागच्या खिळ्याला टांगली आहे. परवा सातवीतल्या एका कॅडेटचं कोपर मोजलं, बैठकीपासून 19 सेंटिमीटर. अडकलेलं स्टूल त्याच्या मापाचं निघालं. फक्त त्याचे पाय टेकत नाहीत, म्हणून सध्या आम्ही एक फळी शोधतो आहोत.