गाळ

तर झालं असं, की जूनमधल्या पहिल्या वादळाच्या संध्याकाळी मी लॅपटॉपचा बॅकअप लावून चहा घेत बसलो होतो. पहिलं वादळ म्हणजे वीज जाणार, हे गोंदियातलं शेंबडं पोरही सांगेल. पण माझी अक्कल त्या दिवशी गावाला गेली होती. लॅपटॉप बॅटरीवर तगला. बाहेरची हार्ड डिस्क जुनी, तिला वेगळा अॅडाप्टर; ती गपकन बंद. वीज आल्यावर पुन्हा बॅकअप लावला, तर उत्तर आलं : डिस्कवर जागा नाही.

आता हिशेब बघा. डिस्क १ टेराबाईटची, पण विंडोज ती ९३१ जीबीच दाखवतं (विकणारे हजाराने मोजतात, विंडोज १०२४ ने. असो). जुने फोटो २३०, मार्चमध्ये हाताने कॉपी केलेला लॅपटॉपचा डेटा ३४०. म्हणजे ३६१ मोकळे हवेत. दिसत होते ४१. बाकीचे ३२० गेले कुठे? बॅकअपचं फोल्डर होतं, पण त्याचा आकार शून्य!

पुण्याच्या भाच्याला फोन लावला. म्हणाला, "मामा, तुम्हाला त्या फोल्डरची परवानगी नाही म्हणून शून्य दिसतंय. अर्धवट बॅकअप तिथेच पडलाय. तो काही कामाचा नाही, उडवा. पण थांबा! त्याआधी मार्चच्या कॉपीत सगळं आहे ना, बघून घ्या."

लॅपटॉपची डिस्क महिनाभर कुरकुरत होती, म्हणून तर हा सगळा खटाटोप. मी बघायला बसलो. फोटो आहेत, कागदपत्रं आहेत, आणि बाबांचं रेकॉर्डिंग... नाही.

२०११ मध्ये अर्जुनी मोरगावकडच्या आमच्या गावी मी मोबाईलवर बाबांना बोलतं केलं होतं. चौदा मिनिटं. बाबा गेले, फोन कपाटात पडला. या एप्रिलमध्ये त्यातून ती फाईल लॅपटॉपवर घेतली आणि फोन भंगारात दिला. म्हणजे बाबांचा आवाज जगात एकाच ठिकाणी, त्या कुरकुरणाऱ्या डिस्कवर. तोंडाला कोरड पडली हो. आधी पेन ड्राइव्हवर घेतली, मग भाच्याला मेल केली, आणि दोन्हीकडून पूर्ण वाजते की नाही ते ऐकूनच उठलो.

त्यात बाबा तलावाबद्दल बोलतात. आमच्याकडे मालगुजारांच्या काळातले तलाव गावोगावी आहेत. कोहळी लोकांनी बांधलेले. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, म्हणून ते 'माजी मालगुजारी', थोडक्यात मामा तलाव. (यावरून भाचा मला काय काय म्हणतो ते इथे लिहीत नाही.) बाबा सांगतात, उन्हाळ्यात पाणी आटलं की लोक बंड्या घेऊन तलावात उतरायचे आणि गाळ आपापल्या बांधीत नेऊन टाकायचे. तलावात पाण्याला जागा व्हायची, धानाला खत मिळायचं. पुढे तलाव सरकारचा झाला, आणि गाळ कोणाचाच राहिला नाही. २०१७ मध्ये सरकारनेच गाळ काढून शेतात टाकायची योजना आणली, ते ऐकायला बाबा नव्हते.

आमच्या गाळात मात्र खत नव्हतं. फोल्डर उडवलं, ३०० जीबी परत आले. उरलेले २० कुठे? भाच्याने काळ्या खिडकीत 'व्हीएसएस-अॅडमिन'ची आज्ञा लिहायला लावली. विंडोज बॅकअप घेताना ड्राइव्हच्या सावल्या काढून ठेवतं, त्या लपलेल्या फोल्डरात राहतात, फाईली उडवल्या तरी जात नाहीत. वीस जीबी तिथेच दबा धरून होते. पुसायची आज्ञा देताना ड्राइव्हचं अक्षर मी तीनदा वाचलं. चुकून दुसरं लिहिलं असतं तर? मग ३६१ मोकळे दिसले.

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला उठून, आकाश निरभ्र बघून, बॅकअप पुन्हा लावला. तो चालू असताना रेकॉर्डिंग ऐकत बसलो. अकराव्या मिनिटाला बाबा पाळीवरच्या मोहाच्या झाडाचं सांगायला लागतात, आणि मागून आईचा आवाज येतो, "चहा निवून ऱ्हायला!" बाबा म्हणतात, "थांब थोडं." आणि पुढे बोलत राहतात.